सुनेच्या गाडीचा पाइप

कामगारांचे जाडजूड बूट शिवण्यात बूटवाल्या काकूंची हयात गेली होती, आणि त्यांचं बोलणंही तसंच दणकट होतं. पण घरात सून आली तेव्हा त्यांची बोलती बंद झाली, कारण सुनेबरोबर तिची टू-स्ट्रोक डर्ट बाइकही आली. दगडधोंड्यांत आणि डोंगरावर उधळायची गाडी! काकूंनी वर्षभर नाक मुरडलं. मग एकदा मुलाच्या आग्रहाखातर शर्यत बघायला गेल्या काय, आणि तेव्हापासून सुनेपेक्षा त्यांच्याच अंगात आलं.

शर्यतीच्या शेवटी एक कोरडा ओढा होता आणि लगेच उभी चढण. ती चढण सूनबाईला आजवर एकदाही जमली नव्हती. दर वेळी गाडी मध्येच धापा टाकायची.

"अहो आई, सगळा घोळ ह्या पाइपमुळे," शर्यतीच्या आठवड्यात ती कारखान्यात येऊन म्हणाली. काकूंचा कारखाना म्हणजे घराखालची एक खोली, चामड्याच्या वासाने भरलेली. "हा इंजिनाचा धूर बाहेर टाकणारा पाइप. बघा, मध्ये कसा पोटासारखा फुगलाय. ह्या आकारावरच गाडीचा जोर असतो. ओढ्यातला दगड उडतो, पोटाला पोचा पडतो, आणि गेला जोर!"

"मग ठोकून घे की सरळ."

"घेतलाय ना, कितीदा तरी. आता वेल्डरनेच हात जोडले. म्हणाला, पत्रा कागदासारखा झालाय, पुन्हा पोचा पडला तर आणू नका. एवढ्या जुन्या गाडीला नवा पाइप मिळत नाही. पाइपवर चढवायचं बाजारातलं गार्ड, म्हणजे पत्र्याचं कवच, तेही ह्याला बसत नाही. आता मार बसला की गाडी कायमची कोपऱ्यात." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? आण तो इकडे. लोकांच्या वाकड्यातिकड्या पायांना बूट बसवले मी. हा तर बिचारा हलतही नाही!"

काकूंनी पदर खोचला. कागदाच्या पट्ट्या गुंडाळून मापं घेतली, ॲल्युमिनियमचा पत्रा कापला आणि वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने त्याला गोलाई देत बसल्या. मुलगा जेवायला बोलावून दमला आणि शेवटी ताट तिथेच ठेवून गेला. ते गार झालं. गार्ड मात्र असं झालं की पाइपच्या अंगाला मोज्यासारखं चिकटून बसलं. सूनबाईने टाळ्या पिटल्या.

"थांब, आधी परीक्षा," काकू म्हणाल्या. फुटलेला एक जुना पाइप माळ्यावर पडला होता. त्याच्यावर गार्ड चढवून त्यांनी दाणकन हातोडा हाणला. गार्ड काढून बघतात तर पाइपलाही तेवढाच पोचा! गार्डने सगळा मार जसाच्या तसा आत पोहोचवला होता. सूनबाईचा चेहरा खर्रकन उतरला.

काकू त्या पोच्याकडे बघत राहिल्या आणि एकदम कपाळावर हात मारून ओरडल्या, "अगं, मी खुळी की काय! बोटांवर लोखंडी टोपी असलेले बूट कोण शिवतं? मीच ना? ती टोपी बोटांना कधी टेकू देते का मी? टेकली तर मार थेट बोटांवर! मधली मोकळी जागाच तर बोटं वाचवते. छान बसवायच्या नादात अक्कल गहाण टाकली मी!"

"आणि मध्ये हवा खेळली तर पाइप गारही राहील!" सूनबाईही नाचायला लागली. मग सासू-सुना दोघी हातोड्या घेऊन बसल्या. नवं गार्ड दोन्ही टोकांना पट्ट्यांनी आवळलं आणि मध्ये बोटभर जागा सोडली.

शर्यतीच्या दिवशी काकू ओढ्याच्या काठावर पाय रोवून उभ्या होत्या. गाड्या एकामागून एक किंचाळत गेल्या. सूनबाई आली, दगडांवरून उडत आली, आणि ठाण्! केवढा तरी धोंडा खालून बसला. गाडी आडवी झाली आणि इंजिन बंद पडलं.

सूनबाई उठली. तिने गाडी उभी केली आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. आवाज घोगरा आला तर पाइप चेपला, सगळं संपलं.

आवाज आला तो खणखणीत!

"पळव!" काकू ओरडल्या, "मागे बघू नकोस, पळव!" आणि चपला हातात घेऊन स्वतःच चढणीच्या कडेने धावत सुटल्या. वर गाडी अडखळली, चाक फिरलं, माती उडाली, आणि पुढच्या क्षणी ती माथ्यावर होती. सूनबाईच्या आधी कितीतरी जण पोहोचले होते, पण काकूंचा आरडाओरडा ऐकून लोकांना वाटलं, हीच पहिली आली.

गाडी निवल्यावर काकूंनी फटीत बोट घातलं. गार्डला वाटीएवढा खड्डा पडला होता. तिथे बोट पुढे जाईना. त्यांनी बूट शिवायचा दोरा घातला. तो अलगद पलीकडे निघाला. पाइपला साधा ओरखडाही नव्हता.

"आई, घरी गेल्यावर हा खड्डा ठोकून काढूया ना?" सूनबाईने हेल्मेट काढत विचारलं.

"हात तर लावून बघ त्याला!" काकू म्हणाल्या आणि तिच्या धुळीने माखलेल्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. "तुझ्या वाट्याचा मार झेललाय ह्याने. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणार आहे मी."