कपबशीचं फूल

भर पौषात बर्फ विकत घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कामथडीच्या फाट्यावर माझं सोडा-लेमनचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. पौषातली थंडी त्या फाट्यावर अशी पडायची की कोंबडा आरवायला तोंड उघडायचा आणि विचार बदलून पुन्हा मिटून घ्यायचा. सकाळ झाली हे आम्हाला वेल्ह्याकडून येणाऱ्या पहिल्या यष्टीच्या हॉर्नवरून कळायचं. त्या गाडीतून कर्नल उतरायचे. अंगात खाकी स्वेटर, खाली धोतर, त्याखाली पलटणीचे बूट. मी शेगडीला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवून बसलेलो असायचो. ते समोर येऊन टाच आपटायचे आणि म्हणायचे, ''सोडावॉटर, एक लादी. आख्खी. फोडू नगंस.'' सोडावॉटर हे त्यांनी मला पाडलेलं नाव.

कर्नल ही त्यांची पदवी गावानं दिलेली. पलटणीत ते बावीस वर्षं होते हे खरं, आणि त्या बावीस वर्षांत बंदुकीपेक्षा खुरपं जास्त वेळ त्यांच्या हातात होतं हेही खरं. दूरच्या थंड डोंगरातल्या एका छावणीत ऑफिसरांच्या मेसपुढं बाग होती, तिचे ते माळी. खरे कर्नल दर तीन वर्षांनी बदलायचे, बागेतला हा कर्नल बदलला नाही. ''सायेब लोकं माझ्या वाफ्याला वळसा घालून जायची,'' ते सांगायचे. ''एक ब्रिगेडियर आत पाय टाकत हुता. म्या नुसता बघितला. सरळ दिल्लीला बदली!''

या माणसाला रंगांचं वेड होतं. कुठलं फूल कुठल्या फुलाशेजारी उभं करायचं, यावर ते इतक्या गांभीर्यानं बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, जोडी चुकली तर चीन पुन्हा आत येईल. ''रंगानं रंगाशी भांडावं, पन मारामारी नको,'' हे त्यांचं पहिलं कलम. दुसरं कलम, उंच गडी मागं, ठेंगणा पुढं. तिसरं, दोघांनी एकाच आठवड्यात फुललं पाहिजे, ''न्हाईतर एक नवरदेव मांडवात आन् दुसरी पार्टी अजून किकवीच्या पुढंच न्हाई!'' एकदा बर्फाची गाडी यायला उशीर झाला, तेवढ्या वेळात त्यांनी माझ्या फळीवरच्या सगळ्या बाटल्या हलवल्या. तांबडं रासबेरी पिवळ्या लेमनपासून तोडलं, लेमनच्या मागं काळाजांभळा उंच कोला उभा केला आणि दोन पावलं मागं सरून म्हणाले, ''आता बघ.'' मी बघितलं. खोटं सांगत नाही, त्या दिवशी साताऱ्याकडं निघालेला एक ट्रक माझ्या फळीकडं बघत बघत फर्लांगभर पुढं गेला आणि उलटा परत आला. ड्रायव्हरनं सहा लेमनं प्यायली. त्याला तहानही नव्हती.

पिवळ्यामागं जांभळा, ही त्यांची सगळ्यात लाडकी जोडी. छावणीतल्या वाफ्यात पुढं डॅफोडिल आणि मागं आयरिस असायची. डॅफोडिलची जी जात तिथं होती, तिच्या पांढऱ्या पाकळ्यांची होते बशी आणि त्या बशीत मधोमध पिवळा इवलासा कप. आयरिस उंच, निळीजांभळी, तीन पाकळ्या जिभेसारख्या बाहेर सोडलेली. कर्नलनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं. त्यांनी घरी पत्र लिहिलं: येथे कपबशीचे फूल असते आणि त्याच्या मागे तीन जिभांचे फूल उभे असते, तुला दाखवीन.

आता घोटाळा असा की वैनींना, म्हणजे कर्नलच्या मंडळींना, वाचता येत नव्हतं. पत्र मास्तर वाचायचे, तेही ओट्यावर बसून, खड्या आवाजात, म्हणजे ते निम्म्या गावाला लिहिलेलंच झालं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायांनी वैनींना घेरलं. ''काय गं, तुझ्या नवऱ्याच्या फुलात साखर किती घालत्यात?'' त्या दिवसापासून वैनींचं नाव कपबशी पडलं. बावीस वर्षं! सासूच्या पाठीमागं घर रेटलं, नाचणी लावली, म्हशी राखल्या, आणि हाक काय, तर कपबशी. कर्नल रजेवर आले की पारावर बसून आणखी रंगवून सांगायचे, ''आरं खऱ्या कपाएवढा कप! सकाळी दंव साचलं की शिपाई पिऊन ड्युटीवर जायचा.'' ते पलटणीत परतायचे. हसू झेलायला वैनी मागं राहायच्या.

पासष्टची लढाई होऊन गेल्यावर ते पेन्शनीत निघाले आणि तोरण्याच्या पायथ्याजवळच्या आपल्या गावी आले. बरोबर लोखंडी ट्रंक. गावाला वाटलं, आता काश्मिरी शाली निघणार. ट्रंक उघडली, तर आत दोन पिशव्या कांदे! एकीत डॅफोडिलचे, एकीत आयरिसचे. मेसच्या कुणा बाईसाहेबांनी निरोपाची भेट म्हणून दिलेले. वैनी ट्रंकेपुढं बसल्या, एक कांदा उचलला, हुंगला आणि म्हणाल्या, ''बावीस वर्सांनी घरी आला, आन् कांदं आनलं?''

पहिल्या हिवाळ्यात कर्नलनी अंगणात वाफा आखला. सुतळी लावून, काटकोनात. पुढं डॅफोडिलची ओळ, मागं आयरिसची. रोज सकाळी ते ओळींपुढून पाहणी करत फिरायचे. आला काय, तर पाला. हिरवागार, तरतरीत, कांद्याच्या पातीसारखा पाला. फूल एक नाही. गाव कुंपणाला टेकून विचारायचं, ''कर्नल, भजी कवा?'' विहिरीवर वैनींना कुणाची तरी नवी सून विचारायची, ''आत्ती, कप फुटला का वो?'' वैनी घागर उचलून चालू लागायच्या. कर्नल मात्र एक दिवस माझ्या दुकानात आले आणि सोडा न पिता नुसते बाटलीतली गोटी खुळखुळवत बसले.

''थंडी कमी पडतीय,'' ते म्हणाले. ''तिकडं बर्फाखाली निजत्यात हे गडी. त्याबिगर उठत न्हाईत.'' मग जरा थांबून, ''सोडावॉटर, तिला येकदा दाखवायचंच. माझ्यापायी तिचं नाव गेलं. लोकं म्हनत्यात, मी थापाड्या. म्हनू दे. पन ती थापाड्याची बायकू न्हाई.''

पुढच्या दिवाळीपासून बर्फाची मोहीम सुरू झाली. पुण्याहून साताऱ्याकडं जाणारी गाडी माझ्यासाठी आठवड्याला एक लादी टाकायची. भुशात लोळवलेली, गोणपाटात गुंडाळलेली ती लादी कर्नल यष्टीत घालून न्यायचे. कामथडीला लादी म्हशीच्या पारडाएवढी असायची. नसरापूरला ती शेळीएवढी व्हायची. मार्गासनीच्या आसपास कुणीतरी म्हातारा गर्दीत न बघता तिच्यावर टेकायचा आणि किंचाळून थेट टपावर जायचा. गावात उतरेपर्यंत कोंबडीएवढा ऐवज उरायचा. तो वाफ्यावर गवत टाकून, पोतं टाकून कर्नल असा झोपवायचे, जसं तापातल्या माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवावी. त्या वाफ्यानं गावाची हवा बदलली. बेडकं गाव सोडून भाटघरकडं राहायला गेली. एक आजी वाफ्याला खेटून गेली, तिला पडसं झालं ते होळीच्या धुरानं उतरलं.

संक्रांतीच्या अलीकडच्या आठवड्यात कर्नल आले नाहीत. लादी येऊन पडलेली. मला काळजी वाटली, म्हणून ओळखीच्या टेम्पोत लादी घालून मीच निघालो. पोचलो तर कर्नल वाफ्याच्या कडेला मातीत बसलेले. बूट काढून ठेवलेले, हे मी प्रथमच पाहत होतो. पुढ्यात उकरलेले कांदे. एक उचलून त्यांनी माझ्यासमोर दाबला. लोण्यासारखा बोटांतून बाहेर आला. वासानं टेम्पोसुद्धा दोन हात मागं सरकला.

''तुकडी खलास,'' ते म्हणाले. ''येक न्हाई उरला. भिजून सडले सगळे. आता हिला काय दाखवू?''

मी टेम्पोतली लादी खाली ओढायला लागलो. तेवढ्यात घराच्या मागून वैनी आल्या. हात ओले, पदर खोचलेला.

''भावजी, बर्फ खाली नगा उतरवू,'' त्या म्हणाल्या. ''आन् तुमी दोघं मागं या जरा.''

मागं न्हाणीचं पाणी जायचं तिथं त्यांचा लसणाचा वाफा होता. ओबडधोबड, ना सुतळी ना काटकोन. आणि त्या लसणात उभी होती कपबशी. एक नव्हे, एकेका दांड्यावर पाच-पाच, सात-सात! आख्खं हॉटेल मांडलेलं! पांढऱ्या बश्या, पिवळे कप, आणि त्यांच्या अंगाला अंग लावून जांभळी आयरिस, तिन्ही जिभा काढून गावाला वेडावत असलेली. वास असा की माशी वाट चुकून माझ्या नाकावर बसली.

कर्नल बघतच राहिले. वैनींनी आधी एक फूल बोटानं उचललं, इकडून तिकडून पाहिलं, जसं पत्र आता त्याच वाचत होत्या.

''कप बारीक हाय,'' त्या म्हणाल्या. ''पन बशी बराबर लिवली हुती तुमी.''

''हे… हे आलं कुठनं?''

''तुमी उन्हाळ्यात कांदं काढून मोजाय बसला, तवा म्या दोन्ही पिशव्यांतलं ओंजळ-ओंजळ काढून घेतलं. समदं बियानं कुनी मातीत घालतं का? चुलीवरच्या माळ्याला टांगलं, लसनासंगं. दिवाळीत लसून लावला, त्यातच हे खोवलं.''

म्हणजे पाऊसभर चुलीच्या धुरात काळे होत लोंबलेले कांदे फुलले होते, आणि बर्फाच्या गादीवर निजवलेले सडले होते. ओंजळभर कांदे कमी भरले म्हणून कर्नलनी उन्हाळाभर उंदरांशी युद्ध केलं होतं, तीन पिंजरे आणि एक मांजर कामाला लावून. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. डोळे भरले होते, आणि त्या भरल्या डोळ्यांनी त्यांनी वाफा निरखला, भुवई चढवली आणि खास आवाजात म्हणाले, ''पन ही काय रचना? उंच गडी पुढं, ठेंगणा मागं, समदी खिचडी! आयरिस मागं पायजे.''

''का म्हनून?''

''नियम हाय.''

''बावीस वर्सं म्या मागं हुबी हाय,'' वैनी म्हणाल्या. ''आता शेजारी लावा.''

छावणीतले सगळे खरे कर्नल मिळून ज्यांना हलवू शकले नाहीत, त्यांनी टाच जुळवली आणि म्हणाले, ''व्हय.'' बूट पायात नव्हते, त्यामुळं आवाज आला नाही एवढंच.

मग वैनी स्वतः विहिरीवर गेल्या आणि म्हणाल्या, ''चला गं, चहाला.'' एवढंच. दुपारपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारपाजारच्या गावांतून माणसं आली, वेल्ह्याची यष्टी अर्धा तास थांबली, कंडक्टरनं तिकिटं फाडायची सोडून फुलं मोजली. मास्तर आले, फुलापुढं उभे राहिले आणि घसा साफ करून जुनं पत्र पाठ म्हणून दाखवलं. या वेळी कुणी हसलं नाही.

पुढची सहा वर्षं हे फुललं. धुरामुळं फुललं हे कर्नल पहिलं वर्ष कबूल करेनात; माझ्या बर्फाची थंड हवा भिंतीवरून पलीकडं गेली, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी निम्मे कांदे माळ्यावर आणि निम्मे ट्रंकेत ठेवून पाहिले, ट्रंकवाल्यांनी पुन्हा नुसता पाला दिला, आणि त्यांनी माझ्याकडं येऊन रीतसर रिपोर्ट दिला, ''सोडावॉटर, बर्फ बंद. कमान बायकूकडं गेली.'' जोड्या आता वैनी लावायच्या. लुगड्याला काठ निवडावा तशा लावायच्या. डॅफोडिलशेजारी एकदा त्यांनी कोथिंबीर फुलू दिली, पांढऱ्या बारीक फुलांची, आणि कर्नल त्या वाफ्यापुढं दोन दिवस जेवायचे विसरले. ''मेसमधी हे कुनाला सुचलं न्हाई,'' ते मला कानात म्हणाले, जणू लष्करी गुपित.

एका श्रावणात ते गेले. ताप आला, चार दिवस राहिला, आणि त्यांना घेऊन गेला. मी पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता. चूल त्या दिवशी पेटली नव्हती. वैनींनी मला पाहिलं, माळ्याकडं पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, ''उद्यापास्नं दोन लाकडं घालत जा गं हितं. धूर तुटू देऊ नगंस.''

त्या पौषात मी मुद्दाम गेलो. मला वाटलं होतं, वैनी कोपऱ्यात बसलेल्या असतील. तर त्या वाफ्यापुढं बाजेवर बसलेल्या आणि भोवती ही बायांची दाटी! त्या वर्षी शिवऱ्याहून लग्न होऊन आलेल्या एका पोरीनं फुलाला बोट लावून विचारलं, ''आजी, तिकडं छावनीत हे एवढंच असतं का वो?''

बावीस वर्षं घागर उचलून चालू लागणाऱ्या वैनींनी बैठक ऐसपैस केली. ''एवढं?'' त्या म्हणाल्या. ''आगं, तिकडं कप घंगाळाएवढा! बशीत लेकराला आंघूळ घालत्यात. दोन शिपाई लागत्यात येक फूल तोडायला.''

माझ्या शेजारी वैनींची विहिरीवरची एक जुनी मैत्रीण होती. तिला राहवेना. ''आत्ता गं बया! आन् कर्नल तर पारावर सांगायचे, साध्या कपाएवढं म्हनून.''

वैनींनी तिच्याकडं शांतपणे पाहिलं.

''तुमी हसाल म्हनून,'' त्या म्हणाल्या, ''ह्यांनी बारीक करून सांगितलं.''