डिकीतली फ्लॉपी

मी चौथीपर्यंत शाळा शिकलो, पुढं मोटारी शिकलो. शहराच्या कडेला सावेडीत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. विहिरीवरच्या पंपाची जळालेली मोटार माझ्याकडं आली की फिरती होऊनच परत जायची. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

नव्व्याण्णव साली कॉम्प्युटर शिकून आलेल्या माझ्या लेकीनं दुकानाच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडला. डब्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. ती म्हणाली, "दादा, ज्यांनी विकला त्यांचा माणूस बोलावते."

"माझ्या दुकानात वायरिंग बघायला दुसरा माणूस येणार? मग मी इथं भजी तळतो."

मी परसात खड्डा घेतला, मीठ-कोळसा भरून नवी अर्थिंग केली, रोज बादलीभर पाणी घातलं. झिणझिण्या गेल्या. त्या कॉम्प्युटरमध्ये माझा एवढा तरी हात आहे.

देवळाली प्रवराकडच्या एका नर्सरीवाल्याचं काम तिला मिळायच्या बेतात होतं. डाळिंबाच्या आणि आंब्याच्या कलमांची मागणी इंटरनेटवर भरता यायला हवी होती. शेतकऱ्याकडं तेव्हा कुठलं इंटरनेट, पण पुण्या-नाशकाच्या व्यापाऱ्यांकडं आलेलं. मालकानं सांगितलं होतं, "रविवारी अकरा वाजता शहरातल्या इंटरनेटच्या दुकानात चालू करून दाखवा. न्हाई जमलं तर पुण्याचा माणूस तयार हाय." स्वतःच्या जिवावरचं तिचं ते पहिलंच काम. ते गेलं असतं तर ती पुण्याला नोकरी धरणार होती. तसं ती बोलली नव्हती, पण मला कळत होतं.

मी विचारलं, "आपल्याकडं इंटरनेट नाही, मग तू करतेस काय?"

"आत्ता दुकानही हेच मशीन आणि गिऱ्हाईकही हेच. चुका इथंच काढायच्या. नीट झालं की फ्लॉपीवर घ्यायचं आणि इंटरनेटवरच्या मोठ्या मशीनवर चढवायचं."

"म्हणजे टेबलावर ट्रायल, मग विहिरीत."

"तसंच."

मग मला ते अवघड वाटेना. दुपारी काम नसलं की मी तिच्याशेजारी बसून एका बोटानं खोट्या मागण्या भरायचो. एकदा कलमांचा आकडा न भरताच बटन दाबलं. मशीन अडकून बसलं.

"असं कोण करतं, दादा?"

"गिऱ्हाईक करतं."

दोन दिवस ती त्यावर बसली. नंतर आकडा सोडला की मशीन सरळ सांगायचं, आकडा भरा.

रविवारी निघताना ती फ्लॉपी पर्समध्ये टाकत होती. मी घेतली. म्हटलं, पर्स लोंबकळणार, कुणाचा धक्का लागणार, जोखमीची वस्तू माझ्याकडं दे. स्कूटरच्या डिकीत हत्यारांच्या पिशवीत नीट उभी ठेवली.

इंटरनेटच्या दुकानात नर्सरीचा मालक आधीच येऊन बसला होता. लेकीनं फ्लॉपी घातली. मशीन नुसतं घरघरलं. काढली, पुसली, पुन्हा घातली. दुसऱ्या मशीनवरही तेच. तिचे कान लाल झाले. मला वाटलं, हिचंच काही राहिलं असेल. मी म्हणालोसुद्धा, "घरी नीट बघितलं होतंस ना?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "दादा, पिशवीत काय काय आहे?"

पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर. आणि पडलेले स्क्रू उचलायला जुन्या लाऊडस्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक. फ्लॉपी चुंबकापासून लांब ठेव, तिच्यावरचं सगळं पुसलं जातं, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि चुंबक काय करतं हे मला शिकवायला कुणी लागत नाही.

गप्प बसता आलं असतं. मालकाला त्यातलं काय कळणार होतं. पण दोष तिच्या नावावर गेला असता.

मी म्हटलं, "मालक, पोरीचं काम चोख आहे. फ्लॉपी मी चुंबकाशेजारी ठेवून मारली. तीस वर्षं चुंबकातच काम करतो मी."

मालक गालात हसला. "मंग मिस्तरी, आमच्या मोटारीचं काय करता?"

"मोटार तुम्ही टेबलावर फिरताना बघून नेता. हेपण घरी टेबलावर फिरतंय. चला."

"चला. इंटरनेटवर चढवायचं उद्या बघू. आदी फिरतंय का ते दावा."

तो जीप घेऊन आमच्यामागं आला. दुकानात बाकावर बसून त्यानं स्वतः दोन मागण्या भरल्या. मग म्हणाला, "ताई, तालुका कुठं लिहायचा? माल पाठवायचा कुठं आमी?" लेकीनं तिथंच बसून तालुक्याचा रकाना घातला. त्याचा चहा संपायच्या आत झालं. तो रकाना त्यानं बराच वेळ बघितला आणि जामखेड लिहून पाहिलं.

"पुण्याच्या माणसाला हे फोनवर सांगण्यातच आठ दिवस गेले असते," तो म्हणाला. "काम तुमीच करा."

सोमवारी तिनं दोन फ्लॉप्या जेवणाच्या डब्यात घातल्या आणि डबा मांडीवर धरून मागं बसली. मी स्कूटरला किक मारली. शहरात ते सगळं मोठ्या मशीनवर चढलं आणि घरी दिसायचं तसंच तिथं दिसलं. ती दुकानदाराशी बोलत होती तेवढ्यात मी खुर्चीत बसलो आणि एका बोटानं आंब्याच्या पाच कलमांची मागणी भरली. या वेळी आकडा सोडला नाही.

आलेल्या मागण्या इंटरनेटच्या दुकानातून उतरवून आणायच्या आणि मालकाला फोनवर वाचून दाखवायच्या, असं ठरलं होतं. मंगळवारी तिनं वाचली. एकच होती. तिनं फोन माझ्या हातात दिला.

"मिस्तरी," मालक म्हणाला, "सावेडीत आंबे लावायला जागा हाय का?"

"तुम्ही कलमं पाठवा," मी म्हटलं. "जागा मी करतो."