पापणीवाल्या बाई

आजवर हे मी कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ज्या रिपोर्टपायी आमच्या बाईंची नोकरी गेली, तो रिपोर्ट माझा होता.

बाई म्हणजे अमरावतीच्या आमच्या सिकलसेल तपासणी केंद्रातल्या सीनियर टेक्निशियन. माणूस समोर बसला की नाव विचारायच्या आधी त्याची खालची पापणी ओढून पाहायच्या. "आधी पापनी, मंग सुई," हा त्यांचा कायदा. केंद्रातल्या एकाच्या लग्नात आहेर द्यायला स्टेजवर गेल्या आणि नवरदेवाचीच पापणी ओढली. "पालक खात जाय रे बाप्पा, पांढराफटक दिसून राहिला!" मांडवभर हशा. तेव्हापासून त्या पापणीवाल्या बाई.

सिकलसेल हा रक्ताचा आजार आईबापांकडून येतो; त्या स्वतः त्याच्या वाहक होत्या आणि ते लपवत नसत. 'आमच्या घराण्यात नाही असलं काही,' म्हणून कोणी फुरफुरला की म्हणायच्या, "माह्या घरान्यात हाय. मी अर्धी हावो. अर्ध्यानं अर्धी करू नये, लेकरू पुरं निघू शकते, एवढंच म्हनून राहिली."

समजावायची त्यांची रीत न्यारी होती. बांगड्यांत अडकवलेल्या सेफ्टी पिना काढून एकीत एक ओवायच्या. "प्रोटीन म्हंजे निसती डाळ नोहे. रक्तातलं हिमोग्लोबिनबी प्रोटीनच. अशी साखळी, घड्या घालून बसलेली. घडी नीट तर काम नीट. फुप्फुसातून प्राणवायू उचलाचा, बोटाच्या टोकापर्यंत न्याचा." मग मोजून सहावी पिन उघडायच्या. "एकशे शेहेचाळीस कड्यांतली ही एकच बदलते." तशीच दुसरी साखळी करून दोन्ही ओंजळीत हलवायच्या. उघडी पिन शेजारच्या साखळीत अडके, गुंता होई. "प्राणवायू सोडला का हे असे एकमेकाले धरतात. पेशी इळ्यावानी वाकडी होते, बारक्या नसीत अटकते. हाडं ठनकतात. लेकराले सांगता येत नाही, ते निसतं रडते."

पहिली तपासणी सोपी. द्रावणात थोडं रक्त टाकायचं, नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ झालं तर पॉझिटिव्ह. पण अंगात रक्तच कमी असेल, तर दोष असूनही नळी स्वच्छ राहू शकते. पापणी त्यासाठी. फिक्कट दिसली की बाई रक्त दुप्पट घ्यायच्या.

तो रिपोर्ट दिला त्या दिवशी बाई अकोल्याला ट्रेनिंगला होत्या. रिपोर्टवर सही त्यांचीच लागायची; मी हाताखालचा टेक्निशियन, माझी अडचण नको म्हणून काही कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गेल्या होत्या. दुपारी वरूडकडून एक बाप सविता नावाच्या मुलीला घेऊन आला. ठरलेला मुलगा वाहक होता आणि तसं त्यानं स्वतःहून सांगितलं होतं, म्हणून साक्षगंधाआधी ही तपासणी. बाहेर रांग होती, बापाला बस गाठायची होती. पापणी मी पाहिली नाही. रेघा स्वच्छ दिसल्या, बाईंची सही असलेल्या फॉर्मवर निगेटिव्ह लिहून दिलं. तपासणी आत बाईंनी केली, मी फक्त कागद आणून दिला, असंच बापलेकींना वाटलं. बाप हात जोडून म्हणाला, "लय मोठं काम केलं साहेब."

दोन वर्षांनी सविता लेकरू घेऊन आली. पोराचे हातपाय सुजलेले. मोठी तपासणी केली. पोराला पूर्ण सिकलसेल निघाला आणि सविता वाहक. सोबत आलेल्या सविताच्या बापानं जुना रिपोर्ट टेबलावर आपटला. "बाई, ही सही कोनाची?"

बाईंनी तारीख पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी नळ्यांचा स्टँड पुसत होतो.

"माही हाय," त्या म्हणाल्या.

सगळे गेल्यावर माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "कोरी सही ठेवली, हे चूक माही. थे मी मोठ्या साहेबाले सांगीन. पापनी नाही पायली, थे चूक तुही. थे तू सांग. मी तुहं नाव नाही घेनार, राजा."

चौकशीत बाईंनी कोऱ्या सह्यांचं कबूल केलं, फॉर्म कोणी भरला ते सांगितलं नाही. मोठ्या साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" माझी नोकरी कायम व्हायच्या बेतात होती. मी म्हणालो, "नाही सर." बाई शेजारच्याच खुर्चीवर होत्या. त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही. महिनाअखेर त्यांचं कंत्राट संपवलं गेलं.

त्या अकोल्याला भावाकडे राहायला गेल्या. मी एकदाच गेलो. त्यांनी चहा केला, बायकोची, पोरांची विचारपूस केली. निघताना विचारलं, "सांगतलं?"

मी चपला पायात सरकवल्या.

"मंग कायले आला?" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

गेल्या वर्षी बाई वारल्या. मी अकोल्याला गेलो, सगळ्यांच्या मागे उभा राहिलो आणि परत आलो.

सविताचा मुलगा आता शाळेत जातो. दुखणं उठलं की आठ-आठ दिवस घरी कण्हत पडतो. दर महिन्याला ती गोळ्या न्यायला येते, माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसते. "त्या पापनीवालीनं माहा जन्म नासवला, साहेब," म्हणते. मी गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवतो. ती "लय उपकार तुमचे" म्हणून उठते.

बाईंचं देणं राहूनच गेलं. सविताचं अजून देता येण्यासारखं आहे, आणि तेही मी दिलेलं नाही. तिच्या तोंडावर मला एवढंच सांगायचं आहे, की त्या दिवशी बाई अमरावतीत नव्हत्या. तुझं रक्त मी तपासलं.