पत्र्याची आई

हे मी आजवर घरातही कुणाला सांगितलेलं नाही. ऑइलपेंटचा वास आला की बारामतीतलं पत्र्याच्या बोटभर माणसांचं ते संग्रहालय आठवतं. तिथं लढायांचे, जुन्या गावांचे देखावे मांडायचं काम माझ्याकडं होतं. अंथुर्ण्याच्या एका तात्यांनी धरणात बुडालेलं आपलं मूळ गाव डब्यांच्या पत्र्यातून कापून, रंगवून दिलं होतं. त्यात विहिरीवर घागर घेऊन उभी त्यांची आई होती. तिचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. उद्घाटनाच्या सकाळी गडबडीत ती खाली पडून माझ्या बुटाखाली चेपली आणि मी ती गुपचूप खिशात टाकली. तात्या आले, काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. “आय दिसंना रं माझी.” “हाय की तात्या, विहिरीपाशीच. नीट बघा.” “व्हय, असंल. डोळंच गेलं म्हणायचं आता,” म्हणून ते हसले आणि रिकाम्या विहिरीला हात जोडून निघून गेले. पुढं कळलं, दिसत नाही म्हणून त्यांनी पत्रा कापायची कात्री भंगारात दिली. तात्या अजून अंथुर्ण्यातच आहेत. ती चेपलेली आई माझ्या कपाटात आहे. ती त्यांना परत द्यायची आहे, आणि त्यांचे डोळे चांगले होते, हेही सांगायचं आहे.