फळ्यावरचे एकशे अठरा

तो तक्रारअर्ज माझ्या टेबलावर आला तो बुधवार मी अजून विसरलेलो नाही. खात्यात तीस वर्षं काढली, खून पाहिले, दरोडे पाहिले. पण माझ्या एका सहीमुळे एका निरपराध मुलीचं आयुष्य बिघडता बिघडता राहिलं, असं हे एकच प्रकरण.

हिंगोली जिल्हा नव्याने होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी कळमनुरी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून ड्यूट्या वाटून देत असतानाच आखाडा बाळापूरचे एक बियाण्यांचे व्यापारी आले. खाजगी दंत महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेचा निकाल नुकताच लागला होता. त्यांच्या मुलाला दोनशेपैकी एकशे बावीस गुण होते आणि त्याच्याच क्लासमधल्या एका मेंढपाळाच्या मुलीला एकशे एकतीस. मुलीचे गुण विकत घेतलेले आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

"कशावरून?" मी विचारलं.

"साहेब, समद्या बाजारानं फळा वाचलाय. आमच्या पोराचे एकशे चोवीस बरोबर, तिचे एकशे अठरा. मग निकालात ती वर कशी गेली?"

हा फळा मलाही माहीत होता. परीक्षा झाली की क्लासचे सर उत्तरसूची मिळवायचे, प्रत्येक पोराची बरोबर उत्तरं मोजायचे आणि दारातल्या फळ्यावर खडूने नाव आणि आकडा लिहायचे. बाजाराला आलेली माणसं पिशव्या खाली ठेवून तो फळा वाचत. निकालापेक्षा लोकांचा त्याच्यावर जास्त विश्वास.

"आन अजून एक," व्यापारी म्हणाले. "तिचा बाप कधी तालुक्याच्या भाईर जात न्हाई. निकालाच्या आधी दोन बार दाताच्या कॉलेजच्या गावाला जाऊन आला. मी सोताच्या डोळ्यानं त्याला यष्टीत बसताना पाहिलं. मेंढ्या सोडून काहून गेलता, इचारा त्याला."

खरं सांगतो, मला ते पटलं. जास्त बरोबर उत्तरं असलेल्याला कमी गुण आणि कमी असलेल्याला जास्त, यात काळंबेरं नाही तर काय आहे? मी बाप-लेकीला बोलावून घेतलं.

मुलगी अठराची, अंगाने बारीक, पण नजर खाली घालणारी नव्हती. महिला शिपायाच्या समोर मी तिचा जबाब घेतला. फळ्यावरचा आकडा खरा आहे, असं ती स्वतःच म्हणाली.

"मग गुण वाढले कसे?"

"ते मला न्हाई माहीत, सर. माझा पेपर दुपारी होता. लई अवघड होता. एवढंच मला माहीत हाय."

असल्या सबबी रोज ऐकायची सवय होती. मी ते वाक्य लिहून घेतलं आणि पुढे गेलो.

बाप मात्र गप्पच. कॉलेजच्या गावाला गेला होतास का, तर व्हय. दोनदा? व्हय. कशाला? यावर तो फेटा मांडीवर घेऊन जमिनीकडे बघत बसला. आवाज चढवला तरी तोंड उघडेना. गप्प बसणारा माणूस दोषीच असतो, हा आमच्या लोकांचा जुना समज, आणि तेव्हा मीही त्यातलाच होतो.

शनिवारी प्रवेशासाठी मुलीच्या कागदपत्रांची तपासणी होती. गुन्हा दाखल झाला असता तर तिची जागा तिथेच गेली असती. व्यापारी लेखनिकाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले होते, एफआयआर झाल्याशिवाय हलायचं नाही म्हणून. मी त्यांना एवढंच म्हणालो, "आधी चौकशी करतो, उद्या या." हे शहाणपण नव्हतं. दुपारी बंदोबस्ताला जायचं होतं, म्हणून टाळलं.

गुरुवारी सकाळी फाईल लावायला बसलो. दोघांची प्रवेशपत्रं शेजारी शेजारी चिकटवली आणि माझा हात थांबला. मुलाच्या पत्रावर वेळ साडेनऊ, मुलीच्या पत्रावर दोन. म्हणजे पेपर दोन होते. आणि हे तर मी आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने जबाबात लिहून घेतलं होतं.

परीक्षा घेणाऱ्या कार्यालयाला एसटीडी फोन लावला. तिथले संख्याशास्त्राचे एक प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "साहेब, बरोबर उत्तरांची संख्या आम्ही निकालपत्रावर छापतच नाही. सकाळचा आणि दुपारचा पेपर वेगळा. काही प्रश्न तेवढे दोन्हींत सारखे ठेवतो. त्यांवरून कुठला पेपर किती जड गेला ते काढतो आणि दोन्हीकडचे आकडे एका सामाईक मापावर आणतो. दुपारचा पेपर बराच जड होता."

मी म्हणालो, लेखी द्या. संध्याकाळी आमच्या हिंगोलीच्या एसपी ऑफिसात फॅक्स आला. तक्त्यात सकाळच्या एकशे चोवीस उत्तरांसमोर एकशे बावीस होते आणि दुपारच्या एकशे अठरासमोर एकशे एकतीस.

तरी पोलिसाचं मन. शिपायाला फळ्यावरची सगळी यादी उतरवून आणायला सांगितलं आणि सरांकडून प्रत्येकाची वेळ लिहून घेतली. अकरा मुलं होती. दुपारची चारही मुलं निकालात वर गेली होती, सकाळची सातही थोडी खाली आली होती. गुण विकत घेणारा स्वतःपुरते घेतो, अख्ख्या दुपारसाठी घेत नाही. सरांनी दोन्ही वेळांचे आकडे एकाच रांगेत लिहिले, एवढीच काय ती चूक.

राहिला बाप. शुक्रवारी मुलीला बाहेर बसवून मी त्याला चहा दिला आणि पुन्हा विचारलं. त्याने बंडीच्या खिशातून घडी घातलेला दवाखान्याचा कागद काढला आणि तोंड उघडून दाखवलं. खालची एक दाढ नव्हती.

"पोरीला तितं पाच वर्सं ठिवायचं, मानसं कशी हाईत ते बघाया गेलतो. शिकणाऱ्या पोरीच होत्या. मला खुर्चीत बसिवलं, दाढ दुखून राहिली का म्हणल्या, आन काढली. दुसऱ्या बारीला टाके काढाया बलिवलं."

"मग सांगितलं का नाही?"

"निकालाच्या आधी कॉलेज बघून आलो म्हणलं तर नजर लागती, साहेब. पोरीलाबी न्हाई सांगितलं."

कागदावरच्या तारखा त्याच्या दोन्ही फेऱ्यांशी बरोबर जुळल्या. इतकं हायसं मला माझ्या बढतीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

व्यापाऱ्यांना बोलावून तक्ता दाखवला. आकडे त्यांच्या डोक्यात शिरेनात, तेव्हा पोलीस भरतीचं सांगितलं. एक तुकडी डांबरी सडकेवर पळाली, दुसरी नांगरटीतून. घड्याळ एकच लावलं तर न्याय होईल का? त्यांनी तक्त्यातल्या दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजी आमच्या पोराला सडक मिळाली." आणि अर्ज मागे घेतला.

मी अर्ज निकाली काढला आणि मुलीला सांगितलं, उद्या बिनघोर जा. तिने बसल्या जागी डोळे पुसले. मग उठून म्हणाली, "सर, मी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

कान असून मी ऐकलं नव्हतं. पुढच्या नोकरीत जबाब लिहून झाला की तो मी पुन्हा सावकाश वाचायचो, आणि गप्प बसलेल्या माणसाला चहा देऊन दुसऱ्यांदा विचारायचो. या दोन सवयी तिच्यामुळे लागल्या.

निवृत्तीनंतर एकदा दाढ ठणकली, तेव्हा तिच्याच दवाखान्यात गेलो. तिने ओळखलं, हसली, आणि खुर्चीत बसवलं. कधीपासून दुखते, गार लागतं का, रात्री जाग येते का, एकेक विचारत गेली. मी म्हातारपणाच्या सवयीने लांबण लावली. तिने मधे एकदाही तोडलं नाही. माझं सगळं सांगून होईपर्यंत ती थांबली, आणि मगच म्हणाली, "आता तोंड उघडा, सर."