दुसरं कुलूप

वरसाव्याच्या जकात नाक्यावर कोंडिराम बारा वर्षं ट्रकमधल्या पोत्यांत लोखंडी सळई खुपसत आले होते. ड्रायव्हर ‘कांदा है, साब’ म्हणाला की त्यांची सळई आणखी हातभर आत जायची. नोकरीच तशी, त्याला कोण नावं ठेवणार? पण घरी आले तरी ती सळई हातातून सुटायची नाही. दूधवाला, वॉचमन, सख्खा मेहुणा, तिच्या टोकापासून कुणी वाचला नाही.

याला कारणही होतं. शहाऐंशी साली मीरा रोडला भाड्याची खोली शोधताना लोक आधी आडनाव विचारायचे आणि ते ऐकलं की म्हणायचे, “अरेरे, कालच दिली हो.” तीच खोली पुढे महिनाभर रिकामी दिसायची. तेव्हापासून कुणी गोड बोललं की यांच्या मनात पाल चुकचुकायची.

आणि खालच्या मजल्यावरचे बंगाली हालदारबाबू तर भलतेच गोड बोलायचे. बायको वारल्यापासून एकटेच राहायचे. भिंतीवर तिचा इसराज टांगलेला, गजाने वाजवायचं सारंगीच्या जातीचं वाद्य. पण तारा तुटून गेलेल्या. कोंडिरामांनी स्वतःचा फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डिंगमधला पहिला माणूस चहाला आला तो हाच. कोंडिराम तेही विसरले नव्हते आणि ‘हाच का आला’ हेही विसरले नव्हते.

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात तुळसाबाईंनी बोधगयेचा हट्ट धरला. हालदारबाबूंच्या कानावर गेलं. “गया तक जा रहे हैं तो शांतिनिकेतन भी देख आइए. हमारी दीदी है उधर, उसी के पास ठहरिए. और एक चाबी छोड़ जाइए, पानी-वानी का कुछ हुआ तो.”

“फुकट ऱ्हायला बोलावतोय,” कोंडिराम घरात येऊन बायकोला म्हणाले, “आणि वर चावी मागतोय. काही कळतंय का तुला?”

“कळतंय,” तुळसाबाई म्हणाल्या. “माणूस चांगला हाय.”

नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी दाराची चावी दिली. निघायच्या सकाळी नळाला पाणी नव्हतं. वॉचमन पाणी दुसऱ्या विंगला सोडतो असा यांचा संशय, म्हणून यांनी स्वयंपाकघरातला नळ उघडून पाहिला. मग झुरळं वर येऊ नयेत म्हणून सिंकच्या भोकात चिंधी कोंबली. दार ओढून घेतलं, बाहेरच्या जाळीच्या दाराला दुसरं मोठं कुलूप ठोकलं आणि त्याची चावी बनियनच्या आतल्या खिशात ठेवली. आता मागू दे म्हणावं चावी! नळ बंद करायचा राहिला हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

बोधगया झाली. शांतिनिकेतनला पोचले तो बुधवार, आणि तिथलं विद्यापीठ बंद.

“बघ,” कोंडिराम म्हणाले. “बुधवारी कुठलं कॉलेज बंद असतं?”

दीदी, म्हणजे मिनोतीदी, हसून म्हणाल्या की इथे सुट्टी बुधवारचीच. गुरुवारी खरंच वर्ग भरला, तोही आंब्याच्या झाडाखाली. पोरं आसनं टाकून बसलेली, मास्तर खोडाला टेकलेले. तुळसाबाई भान हरपून बघत राहिल्या. कोंडिराम झाडांमागे फाटक शोधत होते. आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, हे बघतं कोण? लाल मातीच्या रस्त्यावर एक बाउल, तिकडचा फिरता भजनी, एकतारी घेऊन गात होता. हा आता पैसे मागणार म्हणून कोंडिरामांनी खिसा दाबून धरला. तो गाता गाता पुढे निघून गेला.

सगळ्यात जास्त छळलं त्यांना मिनोतीदींनी. दिवसभर दार सताड उघडं. कोंडिराम आडनावाच्या प्रश्नाची वाट बघत होते. जेवायच्या आधी तरी येईलच. बाईंनी खिचडीचं पातेलं मध्ये ठेवलं, तिघांची ताटं वाढली आणि त्यांच्याबरोबरच जेवायला बसल्या. प्रश्न आलाच नाही. त्या दुपारी कोंडिराम पहिल्यांदाच बिनघोर झोपले.

निघताना मात्र बाईंनी जाड कापडात लाल दोऱ्याने शिवलेला डबा हातात दिला. “छोटे भाई की बहू के इसराज के तार हैं. बूढ़े कारीगर ने एक साल लगाया. अब और नहीं बनाएगा.”

झालं! तारांना कुणी एवढं शिवतं का? गाडी सुटल्यावर कोंडिरामांनी ब्लेड काढलं.

“अहो, दुसऱ्याची वस्तू हाय ती!” तुळसाबाई हात धरत म्हणाल्या.

“ह्याच्यात भलतंसलतं निघालं तर पकडणार कुणाला?”

शिवण उसवली. डब्यात मऊ कापसावर तारांची वेटोळी होती, दुसरं काही नव्हतं. तुळसाबाईंनी पिशवीतला काळा दोरा काढून डबा पुन्हा शिवला आणि कल्याण येईपर्यंत नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

घरी जाळीचं कुलूप शाबूत होतं. “बघ,” कोंडिराम म्हणाले, पण पाय दारासमोरच्या ओलीत होते. आत सगळीकडे पाणी, गाद्या फुगलेल्या, नळ उघडा, सिंक काठोकाठ.

हालदारबाबू जिना चढून आले. “आठ दिन रोज़ सुबह पानी आया. मैं चाबी लेकर खड़ा रहा. देखा, बाहर दूसरा ताला है.” मग हळूच म्हणाले, “किसी के घर का ताला कैसे तोड़ता?”

कोंडिराम त्यांच्यामागे खाली गेले. पहिल्या दिवशी बाबू ऑफिसात असतानाच छत गळून पाणी भिंतीवरून उतरलं होतं. इसराज आता टेबलावर होता. लाकूड फुगून उललेलं, चामडं सुटून लोंबत होतं. तार ओढून बसवायला त्याच्यात काही उरलं नव्हतं. नाक्यावर इतकी वर्षं माणसं पकडली, पण पकडलं जाणं काय असतं हे कोंडिरामांना आज कळलं.

त्यांनी डबा पुढे केला. हालदारबाबूंनी तो हातात घेतला आणि काळ्या टाक्यांवरून अंगठा फिरवला.

“दीदी हमेशा लाल धागे से सीती है,” ते म्हणाले.

त्यांनी डबा न उघडताच इसराजाजवळ ठेवला. खिशातून दाराची चावी काढून कोंडिरामांच्या हातावर ठेवली.

कोंडिरामांनी बनियनच्या खिशातून दुसरीही काढली. दोन्ही चाव्या तळहातावर घेऊन त्यांनी हात पुढे केला. “बाबू, दोन्ही ठेवा. तुमच्याकडेच असू द्या.”

हालदारबाबू इसराज पुसत राहिले. त्यांनी हात पुढे केला नाही.