उस्तादांची मोजणी

सामना संपल्यावर गोल किती झाले, हे दत्ताजी चौगुले यांनी कधी कोणाला विचारले नाही. ते विचारीत, "किती आले?" बसमध्ये चढण्यापूर्वी, मैदानावर उतरताना, जेवणाच्या रांगेतसुद्धा उजव्या हाताची तर्जनी हवेत किंचित हलवीत ते माणसे मोजत. मोजणी पुरी झाली की न आलेल्यांची नावे एकेक करून घेत आणि मगच पुढच्या कामाला हात घालीत. पूजेला बसण्यापूर्वी पळी-पंचपात्र जागच्या जागी आहे ना, हे मी जसे पाहतो, तशीच ती मोजणी होती. तीत घाई नसे आणि खंडही नसे.

अबू धाबीबाहेरच्या वाळवंटात एक लष्करी तळ आहे. तेथील वातानुकूलन यंत्रे, भटारखाना, धुलाई आणि वाहने सांभाळणाऱ्या कंत्राटी कंपनीत आम्ही दोघे नोकरीस होतो. मी भांडाराची कागदपत्रे पाही, ते वाहतुकीचे पर्यवेक्षक. राहायला सारे मुसफ्फा या औद्योगिक उपनगरात, कंपनीच्या वसतीत. माझे शिक्षण पाठशाळेत झालेले आणि सकाळ-संध्याकाळची संध्या मी कधी चुकवीत नसे, म्हणून ते मला गुरुजी म्हणत. ते स्वतः कोल्हापूरचे, पेठेतल्या तालमीकडून अनवाणी फुटबॉल खेळत वाढलेले, पुढे पायदळात हवालदार झालेले. सैन्यात शिकविणाऱ्याला उस्ताद म्हणतात. ते संबोधन त्यांच्यामागोमाग वाळवंटापर्यंत आले होते. गुडघा पलटणीतच निकामी झाल्याने ते खेळत नसत, खेळवीत. पलटणीत एकदा मोजणीत एक माणूस कमी भरला होता, एवढेच त्यांनी मला एकदा सांगितले. 

तळावरच्या कामगारांचा संघ त्यांनी उभा केला होता. मुसफ्फातल्या कंपन्यांची एक साखळी स्पर्धा असते. ऑक्टोबर ते एप्रिल, दर रविवारी, कारखान्यांच्या मागच्या वाळूच्या मैदानावर. आठवड्याचे सहा दिवस दुसऱ्याच्या शिटीवर चालणारी ही माणसे सातव्या दिवशी आपल्या शिटीवर धावत. नियम असा की हंगामाच्या आरंभी बावीस नावे द्यायची. त्या यादीत मागाहून भर घालता येत नाही. आमची एकवीस भरली. बाविसावे नाव उस्तादांनी माझे घातले. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे काय आरंभले, असे मी त्यांना काहीशा रोषानेच विचारले.

"आवो गुरुजी, पळायचं कुठं हाय तुमाला?" ते म्हणाले. "नुसतं असायचं."

हिवाळा सरत आला आणि समुद्रापलीकडे युद्ध पेटले. एके दुपारी भांडारातले सगळे फोन धोक्याच्या इशाऱ्याने एकाच वेळी कर्कश वाजले आणि मागोमाग आकाशात दूरवर दोन धमाके झाले. शेल्फवरच्या बाटल्या किणकिणल्या. तळाचे दरवाजे कडक झाले, रजा रद्द झाल्या, विमाने थांबली. आमच्या एकवीस खेळाडूंपैकी सुट्टीवर गावी गेलेले आठ जण तिकडेच अडकले. सहा जणांना किनाऱ्यावरच्या दुसऱ्या तळावर हलविले. तेथून बाहेर पडण्याची कोणाला मुभा नव्हती. आमचा गोलरक्षक, मलप्पुरमचा शफी, त्या सहांत होता. हाताशी उरले सात.

स्पर्धा तीन आठवडे थांबून पुन्हा सुरू झाली. पहिल्या रविवारी सातांपैकी दोघांची कामावर पाळी लागली. मैदानावर खेळाडू आले पाच, मला धरूनही सहाच, आणि सातांहून कमी माणसांनी सामना सुरू होत नाही. पंचाने पंधरा मिनिटे वाट पाहिली आणि प्रतिस्पर्ध्यांना न खेळता विजयी केले. असे दोनदा झाले की संघ स्पर्धेतून बाद होतो आणि रांगेत थांबलेल्या कंपनीला त्याची जागा मिळते. प्रतिस्पर्धी घरी गेले. उस्तादांनी त्या पाच जणांना पुरी नव्वद मिनिटे सराव करायला लावला.

परतताना बसमध्ये शफीचा फोन आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. उस्तादांनी फोन कानापासून दूर धरला होता, म्हणून मलाही ऐकू आले.

"उस्ताद, टीम खलास?"

"खलास कैसे? तू आएगा तब तक खड़ी रहेगी," उस्ताद म्हणाले. मग फोन खिशात ठेवून माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बोललो खरं. आता चार मॅची हायत."

त्यानंतरचा महिना त्यांनी कसा काढला, ते मी जवळून पाहिले. शनिवारी संध्याकाळी ते कामाच्या पाळ्यांचा तक्ता घेऊन बसत आणि एकेका विभागप्रमुखाकडे जाऊन विनवणी करीत. हा माणूस अधिकाऱ्यांसमोर कधी वाकला नव्हता. आता सात माणसांसाठी भटारखान्याच्या प्रमुखासमोर हात जोडून उभा राहताना मी त्याला पाहिले. एका चालकाला खेळता यावे म्हणून त्याच्या बदली स्वतः पहाटेच्या दोन फेऱ्या मारून ते मैदानावर येत. आम्ही सहा गोलांनी हरलो, मग चारांनी, मग पुन्हा पाचांनी. समोरच्या एका व्यवस्थापकाने हसत विचारले, "उस्ताद, आधी टीम घर भूल आए क्या?"

"भूला नहीं," उस्ताद म्हणाले, "सँभाल के रखी है।"

शेवटच्या सामन्याचा रविवार एकादशीचा होता. मी उपवासाने होतो आणि संत्र्यांची पिशवी व पाण्याच्या बाटल्या घेऊन मुलांसोबत आलो होतो. सामन्याला अर्धा तास असताना सातांपैकी एकाला, अग्निशमन विभागातल्या थापाला, तळावरून बोलावणे आले. तो बूट बांधत होता. त्याने ते उतरवून तिथेच सोडले आणि उस्तादांकडे मान वर करून न पाहता गाडीत बसला. उस्तादांची तर्जनी हवेत हलली, सहावर थांबली, आणि माझ्याकडे वळली.

मी सांगितले की माझ्याने हे होणार नाही, मी आज अन्न घेतलेले नाही, जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. त्यांनी वाद घातला नाही. माझा हात धरून मला मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात नेले, दुखऱ्या पायाच्या टाचेने वाळूत एक वर्तुळ काढले आणि म्हणाले, "गुरुजी, हितं उभं ऱ्हावा. बॉल आला तर जाऊ द्या. पन तुमी जाऊ नका."

एकाची जादा अर्धी विजार आणि थापाचे बूट मला चढविण्यात आले. बावीस क्रमांकाच्या सदऱ्याच्या गळ्यातून जानवे डोकावत होते. ते मी आत सारले. सुदानी पंचाने माझे ओळखपत्र पाहिले, माझे पांढरे केस पाहिले, पुन्हा ओळखपत्र पाहिले आणि हजला जाऊन आलेल्या वडीलधाऱ्याला चला म्हणावे तशा अत्यंत आदराने म्हणाला, "यल्ला, हाजी." आयुष्यात मला अनेक मान मिळाले असतील, तो मान मात्र त्या एकाच दुपारी मिळाला.

मी त्या वर्तुळात उभा राहिलो. सहा जण अकरांशी झुंजत होते. गोल होत होते, आणि समोरची मुले माझ्या बाजूने पळताना जपून वळसा घालून जात. एकदा चेंडू माझ्या छातीवर आदळून बाहेर गेला, तेव्हा दोन्ही संघांनी टाळ्या वाजविल्या. मध्यंतरात उस्तादांनी माझ्या डोक्यावर पाणी ओतले. संत्र्याची फोड पुढे करताच मी घेतली. हे फळ उपवासाला चालते, हे त्यांना ठाऊक होते.

सत्तरावे मिनिट उलटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. क्षणभर वाटले, खाली बसावे. म्हाताऱ्याला कोण बोल लावणार? पण मी रेषेबाहेर गेलो की सहा उरणार, पंच शिटी फुंकणार, आणि मग शफीला काय सांगायचे? मी उस्तादांकडे पाहिले. ते सीमारेषेवर उभे होते. त्यांनी दोन्ही हात वर करून फक्त सात बोटे दाखविली. मी विष्णूचे नाव मनात धरले आणि एका नामाला एक श्वास असे करीत उभा राहिलो. त्या दिवशी मला उमगले की स्थिर राहणे हेही कर्म आहे, आणि ते सोपे नाही.

शिटी झाली. नऊ गोलांनी हरलो होतो. उस्ताद लंगडत पंचाकडे गेले, सामन्याचा कागद घेतला, त्यावरच्या सात नावांचे छायाचित्र काढून दूर असलेल्या चौदा जणांना पाठविले. खाली एकच ओळ होती: टीम जागेवर आहे.

डिस्कव्हरी गार्डन्स या वसाहतीत राहणाऱ्या माझ्या मुलीला हे कळले तेव्हा ती माझ्यावर रागावली. नातू मात्र डोळे विस्फारून म्हणाला, "आजोबा, यू ॲक्च्युअली प्लेड?" मी सांगितले, "नाही रे. मी होतो."

जूनमध्ये उस्तादांना साठ वर्षे पूर्ण झाली आणि कंपनीने करार वाढविला नाही. युद्ध तोवर शांत झाले होते, पण माणसे अजून परतायची होती. ज्यांच्यासाठी संघ राखला त्यांना न भेटताच ते गेले. त्यांना निरोप द्यायला बसपाशी आम्ही जमलो, तेव्हाही त्यांची तर्जनी आमच्यावरून फिरली.

ऑक्टोबरात नव्या हंगामाची यादी मी लिहिली. पहिल्या रविवारी शफी गोलखांबांना हात लावून मैदानात उतरला. त्याच्यामागे थापा, मग बाकीचे. मी कडेला उभा राहून बोटाने मोजले, चूक नको म्हणून दुसऱ्यांदा मोजले, आणि कोल्हापूरला फोन लावला. त्यांनी नमस्कारही केला नाही.

"किती आले?"

"एकवीस," मी म्हणालो.

 त्यांनी लगेच विचारले, "आनि बाविसावं नाव?"

"यादीत आहे," मी म्हणालो. "आणि इथे उभा आहे."